तिसरी चाळणी

२०३४ सालच्या फेब्रुवारीत मिरजेच्या एका हृदयरुग्णालयात आप्पासो कोळेकर नावाच्या लाइनमनच्या हृदयाचा एक दाण्याएवढा भाग चुकून जळाला. पडद्यावर मात्र काहीच वावगं दिसलं नाही.

इंजिनिअर सुनीती मगदूम तेव्हा काचेपलीकडच्या खोलीत बसली होती. समोर कोळेकरच्या हृदयाचा निळसर नकाशा होता आणि त्यात आत सरकवलेल्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं, टोक दाखवणारा हिरवा बिंदू. बिंदू खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी होता. आणि तरीही ईसीजीची ओळ विस्कटली. दोन ठोक्यांमधलं अंतर एकदम वाढलं.

"बर्न बंद!" डॉ. गुळवणी ओरडले.

बर्न बंद झाला, पण ठोके परत आले नाहीत. तात्पुरती तार घालून हृदय चालू ठेवावं लागलं. दोन दिवस वाट पाहून कोळेकरच्या छातीत पेसमेकर बसवला. अडतीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस. पेसमेकर असलेल्याला उच्च दाबाच्या तारांजवळ जाता येत नाही, म्हणजे त्याचं खांबावर चढणं कायमचं संपलं.

"शंभरात एखाद्याचं असं होतं, सुनीती," गुळवणी हात पुसत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गाठ फार जवळ असते."

ते खरंच होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जातो तो डाळीच्या दाण्याएवढ्या एका गाठीतून. काही माणसांत त्या गाठीशेजारून एक चोरवाट असते. संदेश त्या वाटेने माघारी फिरतो, गोल गोल फिरत राहतो आणि छाती मिनिटाला दोनशेच्या वेगाने धडधडू लागते. इलाज एकच. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, तिचं टोक चोरवाटेवर टेकवायचं आणि तापवून ती वाट जाळून टाकायची. हाच बर्न. वाट आणि गाठ यांच्यात अंतर चार-पाच मिलिमीटर. म्हणून टोक नेमकं कुठे आहे हे कळणं हाच सगळा खेळ.

आणि त्या खेळात सुनीतीने मोठी बाजी मारली होती. पूर्वी डॉक्टर शिशाचे जड एप्रन घालून एक्स-रेखाली काम करत. नव्या पद्धतीत टेबलाखालची चकती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. कॅथेटरच्या टोकात केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं. क्षेत्रामुळे त्यात किंचित वीज निर्माण होते आणि ती किती आहे यावरून टोकाची जागा गणिताने काढता येते. कल्पना जुनीच. अडचण होती ती हालचालीची. श्वासाबरोबर छाती हलते, ठोक्याबरोबर हृदय हलतं, आणि बिंदू पडद्यावर दोन-दोन मिलिमीटर उड्या मारत राहतो.

सुनीतीने त्या हालचालींना तीन चाळण्या लावल्या. पहिली श्वासाची लय काढून टाके, दुसरी ठोक्याची. तरी बिंदू थोडा थरथरायचाच. मग तिने तिसरी चाळणी लिहिली. उरलेल्या हालचालीत जी कुठली नियमित लय सापडेल, ती टेबलाच्या पंपाची असो की पंख्याची, गोंगाट समजून वजा करायची. बिंदू शांत झाला. सरासरी चूक एक पूर्णांक आठ मिलिमीटरवरून शून्य पूर्णांक तीनवर आली. ती ज्या कंपनीत नोकरीला होती तिने वर्षभरात ही प्रणाली एकसष्ट रुग्णालयांत बसवली. सुनीतीची नेमणूक मात्र मिरजेतच राहिली, कारण प्रणाली घडली ती इथे, डॉ. श्रीधर गुळवणींच्या टेबलावर.

गुळवणींना सगळा सांगली जिल्हा ओळखत होता. 'हातगुण आहे त्यांना' असं लोक म्हणत. सुनीतीच्या वडिलांना झटका आला होता तेव्हा त्यांना वाचवणारे हात गुळवणींचेच. पुढे इंजिनिअरिंग झालेल्या या मुलीला हृदयाची रचना शिकवली तीही त्यांनीच, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर पेनाने चित्रं काढून.

कोळेकरच्या केसची चौकशी झाली. समितीने रेकॉर्डिंग पाहिलं. बिंदू गाठीपासून पाच मिलिमीटर दूर, अगदी स्थिर. यंत्र निर्दोष, डॉक्टर निर्दोष. फाइल बंद.

सुनीतीच्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. गुळवणींच्या हातून असं आधीच्या नऊ वर्षांत दोनदा झालं होतं. गेल्या पाच महिन्यांत तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोळेकरचं रेकॉर्डिंग काढलं आणि एकेक चाळणी बंद करत गेली. तिसरी बंद केल्याबरोबर हिरवा बिंदू थरथरू लागला. सेकंदाला पाच वेळा, इकडून तिकडे, दीड मिलिमीटर. नळीचं टोक ज्या भिंतीवर टेकलं होतं तिथून ते घसरत घसरत गाठीकडे गेलं होतं. चाळणीने थरथर पुसली होती आणि थरथरीच्या आड झालेली ती घसरण 'भिंतीची हालचाल' समजून दुरुस्त करून टाकली होती.

पंप असेल, तिला वाटलं. पण गुळवणींच्या जुन्या केसेस लावल्या, तर डिसेंबरात पंप बदलण्याआधीही तीच लय होती. पेशंटचं काही असेल म्हणावं, तर पेशंट वेगवेगळे आणि लय तीच. मग तिने त्याच टेबलावरच्या, डॉ. अन्विता हेरलेकरांनी केलेल्या केसेस लावल्या. हेरलेकर गुळवणींच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण डॉक्टर. त्यांच्या एकाही केसमध्ये ती लय नव्हती.

सुनीतीने सोळा महिन्यांचा आलेख काढला. सुरुवातीला थरथर केसाएवढी होती. मग वाढत गेली, कुठेही मागे न येता. ती फक्त नळी एका जागी धरून ठेवली असतानाच येत होती. म्हणजे बर्नच्या वेळी. तिने खुर्ची मागे सरकवली आणि काही वेळ आलेखाकडे पाठ करून बसली.

गुळवणी आपल्या खोलीत सह्या करत होते. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि कोळेकरचं रेकॉर्डिंग तिसरी चाळणी बंद करून लावलं. ते शेवटपर्यंत पाहत राहिले.

"माझा हात म्हणतेस तू," ते म्हणाले.

"सर, मी काहीच म्हणत नाही. हेरलेकर मॅडमच्या केसमध्ये हे येत नाही, एवढंच."

त्यांनी दोन्ही हात समोर धरले. लांब बोटांचे, स्वच्छ नखांचे हात. ते अगदी स्थिर होते.

"बघ."

सुनीतीला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. ती माफी मागणार एवढ्यात उजव्या हाताचा अंगठा हलला. मग तर्जनी. दहाएक सेकंदांत पूर्ण पंजा एका लयीत हलू लागला. गुळवणी स्वतःच्या हाताकडे परक्याचा असावा तसे पाहत होते. मग त्यांनी तो पांढऱ्या कोटाच्या खिशात घातला.

"दीड वर्षापूर्वी दाढी करताना जाणवलं होतं," ते म्हणाले. "कंपवाताची सुरुवात असेल म्हणून मुंबईला दाखवायचं ठरवलंही होतं. मग तुझी सिस्टिम आली. बिंदू इतका शांत की मला वाटलं, छे, माझ्याच मनाचे खेळ. काही असतं तर पडद्यावर दिसलं नसतं का?" त्यांनी लॅपटॉप मिटला. "मी माझ्या हातापेक्षा तुझ्या पडद्यावर विश्वास ठेवला, सुनीती."

तिने लॅपटॉप जवळ ओढला.

"मला मार्चअखेरपर्यंत वेळ दे. तारखा दिलेले एकोणीस पेशंट आहेत. सगळे माझ्या नावावर आलेत."

"नाही सर."

"मग एक आठवडा. घरी सांगायचं आहे. इथे सांगायचं आहे. तीस वर्षं झाली मला या टेबलाशी."

नाहीच म्हणायला हवं होतं. पण समोर गुळवणी सर होते आणि त्यांनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तिने मान हलवली. त्या आठवड्यात गुळवणींच्या नावावर सहा पेशंट आहेत, हे तिला वेळापत्रक पाहिल्यावर कळलं.

पहिल्या पाच केसेस व्यवस्थित झाल्या. सुनीती प्रत्येक वेळी स्वतःच्या लॅपटॉपवर तिसरी चाळणी बंद करून बसे. मोठ्या पडद्यावर शांत बिंदू, तिच्या मांडीवर थरथरणारा. काचेच्या आत कुणाला काही ठाऊक नव्हतं. सिस्टर डॉक्टरांशी हसून बोलत होती. टेक्निशियन जांभई देत होता. हे दिसत होतं ते तिला एकटीलाच, आणि ती गप्प होती.

शुक्रवारी सहावी पेशंट होती. जतच्या शाळेतली शिक्षिका, एकोणतीस वर्षांची. तिच्या हृदयात गाठ आणि चोरवाट यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटर होते. गुळवणींनी टोक टेकवलं. बर्न सुरू झाला. पाच सेकंद, आठ, दहा. मोठ्या पडद्यावर बिंदू निश्चल. मांडीवरच्या पडद्यावर तो थरथरत, प्रत्येक थरथरीबरोबर किंचित वर सरकत, गाठीकडे निघाला होता. ईसीजीत अजून काही दिसत नव्हतं. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, हे तिला आता पाठ होतं.

तिने माइकचं बटण दाबलं. "सर, थांबा."

सगळ्यांनी माना वर केल्या. केस चालू असताना इंजिनिअरने डॉक्टरांना थांबवण्याची रीत नव्हती.

गुळवणींनी पायाखालचं बटण सोडलं. ते काचेकडे वळले आणि मास्कच्या वरून तिच्याकडे पाहिलं. मग नळीचं हँडल हळूच खाली ठेवलं.

"अन्विता, ग्लोव्हज घाल," ते म्हणाले. "ही केस तू पूर्ण कर."

"काय झालं सर?"

"माझा हात कापतोय."

हेरलेकरांनी ग्लोव्हज चढवले. गुळवणी बाहेर गेले. त्यानंतर ते त्या टेबलाजवळ कधीच उभे राहिले नाहीत.

सुनीतीने त्याच दिवशी कंपनीला सविस्तर कळवलं, आलेखासकट. तिसरी चाळणी सगळीकडे ताबडतोब बंद करावी, असं स्पष्ट लिहिलं. आठ दिवसांनी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. प्रणालीचा प्रमुख निखिल सरदेशपांडे तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता आणि हुशार होता. त्याने दार लावून घेतलं.

"तुझा मेल आल्यावर आम्ही सगळ्या सेंटर्सची रेकॉर्डिंग्ज तपासली," तो म्हणाला. "एकशे चाळीस डॉक्टर. तुझ्या सरांसारखी लय आणखी अकरा जणांत आहे."

"अकरा? त्यांना कळवलं?"

"काय कळवायचं? आपण रोगाचं निदान करणारी कंपनी नाही. आपल्याकडे त्याचा परवानाच नाही. उद्या एखाद्याला म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला आजार आहे, आणि तो नसला तर?"

"आणि असला तर? निखिल, ते आत्ता, या घटकेला कुणाच्या तरी हृदयात नळी धरून उभे असतील."

"पुढच्या वर्षी हँडलमध्ये मोटर येतेय. हाताला कंप आला की ती उलटा धक्का देईल आणि कंप मरेल. मग हात कुणाचाही असो, फरक पडणार नाही." त्याचा आवाज समजुतीचा होता. "खरं तर तुझ्या शोधानेच हे शक्य झालं."

"आणि पुढच्या वर्षापर्यंत?"

"पुढच्या वर्षापर्यंत आपली सरासरी चूक शून्य पूर्णांक तीन आहे. जगात सगळ्यात कमी."

"त्या अकरा जणांची नावं दे."

"ती गोपनीय आहेत," निखिल म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

परत आल्यावर तिने गुळवणींना सगळं सांगितलं. ते घरी बागेत बसले होते, उजवा हात डाव्याने धरून.

"मला कवठेमहांकाळला घेऊन चल," ते म्हणाले. "आता गाडी चालवत नाही मी."

कोळेकरचं घर गावाबाहेर नव्या वस्तीत होतं. तो कामावरून नुकताच आला होता. वीज मंडळाने त्याला ऑफिसात बसवलं होतं, बिलाच्या तक्रारी लिहून घ्यायला. डॉक्टरांना दारात बघून तो गडबडला. बायकोला चहा टाकायला सांगितलं. गुळवणींनी चहा येण्याची वाट पाहिली नाही. जे झालं ते सरळ सांगितलं. हात दाखवला. सुनीतीने चाळणीचं सांगितलं, ती आपणच लिहिली हेही.

कोळेकर खाली बघत ऐकत होता.

"तुमी मला हे कशाला सांगितलं, डॉक्टर?" तो शेवटी म्हणाला. "मी नशिबाला दोष दिऊन मोकळा झालतो. आता कुणावर राग धरू?"

"माझ्यावर धरा," गुळवणी म्हणाले.

"तुमचा हात हाय, हो. हाताला काय कळतंय?" तो सुनीतीकडे वळला. "मॅडम, आमी सोळा वर्षं लाइनवर काढली. कंट्रोल रूमनं सांगितलं लाइन बंद केलीया, तरी आमी अर्थिंगची तार टाकून करंट जमिनीत उतरवल्याबिगर तारंला हात लावत न्हाई. पडद्यावर बंद दिसतंय म्हनून बंद असतंय व्हय? माझ्याबरोबरचा एक पोरगा तसाच चढला हुता. खाली आला न्हाई जिता." त्याने कानशिलावरचा घाम पुसला. "बाकीच्या डॉक्टरांस्नी कोन सांगनार?"

चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सुनीतीने एकशे चाळीस डॉक्टरांना पत्र लिहिलं. कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. तिसरी चाळणी काय करते, ती बंद करायची तर इंजिनिअर मोडमध्ये कसं जायचं, पासवर्ड कुठला, नळी पाण्याच्या टाकीत किती वेळ स्थिर धरायची आणि काय पाहायचं. खाली स्वतःचा मोबाइल नंबर. पत्र पाठवल्यावर तासाभरात तिचं कंपनीचं खातं बंद झालं. संध्याकाळी नोकरी गेल्याचं कळलं. निखिलने फोन करून एवढंच सांगितलं, की येत्या शनिवारी सगळीकडे अपडेट जाईल आणि त्यानंतर तो मोड उघडणार नाही.

उत्तरं थोडीच आली. एकाने तिला कोर्टात खेचण्याची भाषा केली. दोघांनी आभार मानले, आपले हात ठीक असल्याचं कळवलं. एका रुग्णालयाने विचारलं की चाळणी आणखी कडक करता येईल का, बिंदू अजून थोडा हलतो. बाकीचे गप्प होते. त्या गप्प बसलेल्यांत ते अकरा जण आहेत, आणि त्यांनी पत्र वाचलंही नसेल, असं तिला सारखं वाटत राही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला.

"मगदूम मॅडम? मी डॉ. इंगोले, अकोल्याहून. तुमच्या पत्रातली चौथी पायरी जमत नाहीये."

आवाज तरुण होता. मागे मॉनिटरची टिकटिक ऐकू येत होती.

"सर, तुम्ही पाण्याच्या टाकीवर बघताय ना?"

"नाही. पेशंट टेबलावर आहे. नळी आत आहे. बर्न अजून दिला नाही. रात्री पत्र वाचलं, हसलो आणि सोडून दिलं. मी सेहेचाळीसचा आहे हो. पण आत्ता बटणावर पाय ठेवला आणि ते दाबवेना."

"उजव्या कोपऱ्यातली पट्टी दाबून धरा. आता खाली तीन खुणा दिसतील. शेवटची काढा."

"काढली."

"आता बर्न न देता नळी स्थिर धरा आणि बिंदू बघा," सुनीती म्हणाली. टिकटिक चालू होती. कुणीतरी स्टूल सरकवलं. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"सिस्टर," डॉ. इंगोलेचा आवाज लांबून आला, फोनशी नव्हे, खोलीतल्या कुणाशी तरी. "नळी बाहेर काढतोय. पेशंटच्या घरच्यांना बोलवा. आज ही केस होणार नाही. काय सांगायचं ते मी स्वतः सांगतो."

काही वेळाने तो पुन्हा फोनवर आला. दम लागल्यासारखा बोलत होता.

"मॅडम, ऐकताय ना? गेल्या वर्षभरात माझ्या हातून एकशे बारा केसेस झाल्यात."

"त्या सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज आजच्या आज बाहेर काढून ठेवा, सर," सुनीती म्हणाली. "अपडेट उद्या येतोय, मग चाळणी काढता येणार नाही. मी लगेच निघते."